ओट्मारचा ओबो आणि पास्टरसाहेबांचा घोट

अध्यक्ष पास्टर हेनिंगसाहेब, व्यासपीठावरच्या चर्च-मंडळाच्या प्रमुख फ्राऊ त्शोखे, सत्कारमूर्ती ओट्मार, आणि खसखशीच्या केकवर डोळा ठेवून बसलेल्या सज्जनांनो!

मी वाल्त्राउट. ओट्मारच्या ओबोशेजारी, म्हणजे त्या विलायती सनईशेजारी, बसून लाकडी बासरी वाजवण्यात माझा जन्म गेला. ओबोवाला सुखी असल्याचं कुणी पाहिलंय का हो? ओबोच्या तोंडाला लावायची बोरूची पत्ती स्वतः तासायची, पाण्यात भिजवायची, देवाघरचं जुनं बरोक संगीत वाजवायचं, आणि वर म्हणायचं, "पत्ती मेलीच होती आज!"

गेल्या ईस्टरला याने लाडकी पत्ती पेल्यात भिजत घातली, आणि पेला ठेवला कुठे? प्रवचनाच्या कठड्यावर! पास्टरसाहेब तेव्हा नवे. "आणि थडगं रिकामं होतं!" असं म्हणून त्यांनी घोट घेतला. पत्ती अडकली ओठांत, फुंकली गेली आणि माइकवरून अख्ख्या चर्चला बदक ऐकू आलं. ओट्मार धावला, "गिळू नका! तेवढी एकच धड आहे!" साहेबांचा जीव गेला तरी चालेल, पत्ती राहिली पाहिजे! ती त्याने विजारीला पुसली, ओबोला लावली आणि असं काही वाजवलं की मी माझी जागाच चुकले. रडत होते मी, खोटं कशाला बोलू?

आता त्याचे पुढचे दात गेले. नव्या दातांना ओबो सोसत नाही. ओबोने सूर दिल्याशिवाय आमचा ताफा वाद्यं सुरात लावत नाही, आणि फ्राऊ त्शोखेंनी बजावलंय, "आज ओबोवाला उभा करा, नाहीतर तालमीची खोली गिटारवाल्या पोरांना द्या." बाई, रागावू नका, हे तुमचेच शब्द.

तर ऐका. त्या बदकापासून दर मंगळवारी एक विद्यार्थी ओट्मारच्या स्वयंपाकघरात शिकतोय. खिडकीतून मी ऐकलंय. "अहो, जोर लावा! प्रवचन देताना बरा दम असतो तुम्हाला!" शेजारणीने दोनदा तक्रार केली. पण परवा त्याने एक संथ धून धरली, आणि ओट्मारने पत्ती तासणं थांबवलं. नुसता चाकू खाली ठेवून ऐकत बसला. बाप रे, ओट्मारची तक्रार नाही म्हटल्यावर मला तर धडकीच भरली!

सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. यापुढे जे चुकेल ते मात्र माझं नाही. फ्राऊ त्शोखे, कान इकडे द्या. ओट्मार, तू बसून राहा, हात मांडीवर.

पास्टरसाहेब, उठा. सूर द्या.