थोरल्या भावोजींचा तोल

...पडायचं तर पडावं हो, माझं काही म्हणणं नाही, पण एकट्यानं पडावं की नाही? हा पडताना सगळं खानदान घेऊन पडतो! दुपारचे तीन वाजले, खिडकीतलं ऊन फळीवर आलं, की आधी एक बारीकसं 'टक्', मग 'टकटकटक', आणि मग धडाधड नवऱ्याचे एकतीस प्लॅस्टिकचे डायनोसॉर माझ्या उशीवर... हो, उशीवरच, कारण ती फळी आमच्या पलंगाच्या डोक्याशी आहे, आणि ती तिथे का आहे असं तुम्ही विचाराल, तर मीही विचारणार होते, पण लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले, तेव्हा मी काही बोलले नाही.

तुम्हाला सांगते, मी मुळात कमीच बोलते. आत्ता बोलतेय ते सोडा. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी एकेकाची ओळख करून दिली, सासरची माणसं दाखवावीत तशी. "हा लांब मानेचा, स्वभावानं गरीब. हा तीन शिंगांचा, ह्याच्या शेपटीला हात लावायचा नाही. आणि हा..." इथे आवाज एकदम खाली, "हा सगळ्यांत पहिला. शाळेत असताना घेतलेला." हा म्हणजे दोन पायांवरचा तो, अंगापेक्षा डोकं मोठं, हात म्हणजे दोन टाचण्या, आणि चेहरा असा की पान वाढायला उशीर झालाय! मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं, थोरले भावोजी. मान द्यायला पुढे झाले, तर भावोजीच आधी झुकले... आणि पडले.

बरं, उपाय केले नाहीत म्हणाल, तर छे! पायाखाली खोडरबर ठेवलं, मागे कलले. खोडरबर काढून काडेपेटीची काडी ठेवली, डावीकडे कलले. चिकटपट्टी लावली, तर पट्टीसकट, फळीचा रंग सोबत घेऊन पडले. शेवटी कमरेला दोरा बांधून खिळ्याला टांगले! आता सांगा, सकाळी डोळे उघडल्या उघडल्या नव्या नवरीला डोक्यावर फाशी गेलेला प्राणी दिसावा? पण मी काही बोलले नाही.

बोलल्या सासूबाई. झालं काय, त्या चहा घेऊन आमच्या खोलीत आल्या, दोरा तुटला आणि भावोजी थेट त्यांच्या चहात! कप हातात, चष्म्यावर थेंब, आणि कपातून वर आलेली शेपूट! "माझं वय काय, ह्याचं वय काय! रविवारपर्यंत हा धड उभा राहिला तर ठीक, नाहीतर अख्खी पलटण खोक्यात आणि खोकं माळ्यावर! त्या फळीवर सुनेची पुस्तकं लागतील!"

माझी पुस्तकं! दोन महिने बॅगेत गुदमरलेली! आता ह्यावर गप्प बसण्यात माझाच फायदा होता, आणि गप्प बसणं तर मला जन्मतःच येतं... पण नवऱ्याकडे लक्ष गेलं. स्वतःच्या इस्त्रीच्या रुमालानं तो भावोजींच्या दातांतला चहा टिपत होता. एकेक दात. आणि दात टिपताना माणूस असा मान वाकडी करून, श्वास रोखून बसलेला मी आयुष्यभर पाहिलाय हो... आमचे बाबा!

बाबा कवळ्या बनवतात. मागच्या खोलीत त्यांचं काम, गुलाबी मेणाचा वास, छोटी शेगडी, आणि भिंतभर फळ्यांवर नंबर घातलेले लोकांचे जबडे. त्या हसणाऱ्या भिंतीसमोर बसून मी पाढे पाठ केलेत, मला डायनोसॉरचं काय कौतुक! फक्त बाबा माझ्याहून कमी बोलतात. लग्नानंतर आईचं ठीक, ती बोलते तेव्हा फोन ओट्यावर ठेवून माझी पावशेर भाजी निवडून होते. बाबांचा फोन रोज सातला. "जेवलीस?" "अजून नाही." "बरं." "तुम्ही?" "बसतोय." "बरं. ठेवतो." चाळीस सेकंद. मी मोजलेत. फोन ठेवल्यावर मेणाचा वास येतोय असं वाटायचं, आणि मग मी उगाच कपड्यांच्या घड्या मोडून परत घालायची.

शनिवारी सातला फोन आला. "जेवलीस?" आणि तुम्हाला सांगते, कसं काय कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "बाबा, आमचा डायनोसॉर पडतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "भार कुठल्या पायावर घेतो?"

अहो, हसले नाहीत! "उजव्या." "मग दुखणं डाव्यात. घोट्यात वाकलाय की गुडघ्यात?" "घोट्यात." "ऊन लागतं?" "तीनला." "हं... पातेल्यात पाणी उकळ, गॅस बंद कर, जरा थांब, मग पाय बुडव. गरम झालं ना बाळ, की त्याला आपला मूळ आकार आठवतो. मग गार पाण्यात धर. आणि पक्कं होईपर्यंत हात सोडायचा नाही."

नवरा दारात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभा राहावा तसा. "त्याला दुखणार नाही ना... म्हणजे रंग नाही ना जाणार?" सासूबाई आल्या, पातेल्यातून वर आलेलं डोकं पाहिलं, "हे माझं चहाचं पातेलं?" मी काही बोलले नाही, बोलणार कशी, मी पाय धरून होते ना! आणि फोनवर बाबा बोलत होते. बाबा! कुठल्याशा मास्तरांची कवळी 'स' म्हणताना शिट्टी वाजवायची ती गोष्ट, वीज गेली की मेणबत्तीवर मेण वितळवायचे ती गोष्ट, आणि मग, "तू गार पाण्याची वाटी धरायचीस. एवढीशी होतीस. पण हात कधी हलला नाही तुझा." बावन्न मिनिटं! गार पाणी कधीच कोमट झालं होतं, मी तशीच धरून उभी.

भावोजी उभे राहिले. रविवार गेला, पंधरवडा गेला, तीनचं ऊन आलं आणि गेलं, हूं की चूं नाही. सासूबाई हरल्या, नवरा मला डॉक्टर म्हणायला लागला, पुस्तकं बॅगेतच.

आणि सातला फोन. "उभा आहे?" "आहे." "बरं. ठेवतो."

आठ सेकंद!

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बाबा, जरासा कलतोय." "कुठल्या बाजूला?" खुर्ची सरकली! मग काय, लांब मानेच्याची मान धरली, तीन शिंगांवाला लंगडायला लागला, एकेकाला मी असली असली दुखणी लावली की विचारू नका, रोज अर्धा तास बाबा आणि मी! फळीवर एकतीसच्या एकतीस ताठ उभे, आणि मी बाजूला बसून खोटं बोलतेय...

काल बाबा म्हणाले, "हे फोनवर होण्यातलं नाही. उद्याच येतो. हत्यारं घेऊनच येतो."

बाबा! इथे! गावाला जातानासुद्धा कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस, जबडे सोडून इथे येणार! रात्रभर मी आनंदात... आणि पहाटे लक्षात आलं, येऊन बघणार काय?

म्हणून सकाळपासून पाणी उकळतेय. पाय बुडवते, घोटा वाकवते, जरा सोडला की मेला सरळ! परत बुडवते, आणखी सरळ! शेवटी घरात सगळं कबूल केलं, आता नवरा एक पाय धरून, मी दुसरा, सासूबाई शेपूट ओढताहेत, बाबा स्टेशनवर उतरलेत, आणि एकेकाळी नुसत्या उन्हानं पडणारा हा प्राणी तिघांना मिळून वाकत नाही हो... कसा वाकेल? हात माझा, पण काम बाबांचं, ते आजवर कधी हललंय!