आईची उबदार गादी

पंक्चर काढून घ्यायला गॅरेजात ताटकळलेल्या मास्तरीणबाईंचे कान पुढच्या गिऱ्हाइकाकडे लागले होते.

“मिस्त्री, तुम्ही काल आमच्या कॅम्पर गाडीत इन्व्हर्टर बसवलात, तो आज सारखा बंद पडतोय.”

“त्याचा पंखा फिरतोय ना?”

“त्याची घरघर आईला सहन होईना. तिने चारी बाजूंनी रजया कोंबल्यात.”

“रजया? अहो, तापून बंद पडतोय तो! वास येतोय का?”

“जरासा, जळक्या इस्त्रीसारखा. पण आई खूश आहे. म्हणते, गादीखालून छान ऊब येते, कंबर शेकून निघते.”

“आई आत्ता कुठे आहेत?”

“ही काय, बाहेर गाडीत. डाराडूर झोपलीय.”

मिस्त्रीने पाना फेकला आणि धावत जाऊन गाडीचं दार ओढलं. धुराने बाईंनाही ठसका लागला.

आतून झोपाळू आवाज आला, “दार लाव रे मेल्या, सगळी ऊब चाललीय!”