जीपचं इंजिन आणि देवीची ओटी

ऐक सुमे, सासऱ्यांची बंद पडलेली फियाट सुरू झाली की तिच्यातूनच जाऊन देवीची ओटी भरेन, असा नवस मी बोलले होते. ह्यांनी कुदळवाडीच्या भंगारातून स्वस्तात जीपचं इंजिन आणलं. ते मोठं, मावेना, म्हणून गाडी आतून कापली, माझी पुढची सीट काढली आणि मागच्या सीटवर डिझेलची टाकी बसवली.

गाडी सुरू झाली तशी मी खण-नारळ घेऊन धावले.

"अहो, मी कुठं बसू?"

"तू राहू दे गं. ओटी दे इकडं, मीच देवीला देऊन येतो."

आणि गेले की एकटेच! ओटी बाईनं भरायची असते, एवढंही कळू नये?

सीट परत बसावी म्हणून आता मंगळवार धरलेत. माझ्यासाठी तूही एक धर ना, दोघींचं तरी देवी ऐकेल.