एका टेकमध्ये ओके

सिनेमे आणि मालिका करून थकलेल्या दिग्दर्शकाला आज मुलीकडून एकच हवं होतं: स्वतःच्या रिपोर्टातलं खरं. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या शिवणकामवाल्या बाईंचा नंबर अजून यायचा होता, त्यामुळे त्यांचे कान मोकळेच होते.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“सगळं ठीक आहे, बाबा.”

“माझ्याकडे बघून सांग.”

“रीटेक?”

“थट्टा पुरे. खोटं मला लगेच कळतं.”

“कळणारच. सात वर्षांची होते मी. सेटवर रडू येईना, तर कानात सांगितलंत, आजी गेली.”

“एका टेकमध्ये ओके झाला तो शॉट! त्याच्यावर पुढची वीस वर्षं काम मिळालं.”

“आणि आजी खरंच आजारी पडली, तेव्हा होस्टेलवर फोन केलात, ‘शेवटचं भेटून जा.’ मी हसले. म्हटलं, आता कुठला सीन?”

“आलीच नाहीस.”

“ती विचारत होती का हो?”

“सारखी. मी सांगायचो, निघालीय, पोचतेच आहे.”

“किती दिवस?”

“दोन.”

तिनं पर्सची चेन ओढून बंद केली.

“रिपोर्ट दे ना गं इकडे.”

“राहू दे माझ्या पर्समध्ये. चला बाबा, सगळं ठीक आहे.”

बाईंचा नंबर दोनदा पुकारून झाला होता.