थांबाल का, हे कोणी विचारायचं

“हॅलो?… हो, मीच. या घरात दुसरं कोण उचलणार फोन… हां, बोल… अगं हळू. एका श्वासात तीन वाक्यं कोंबू नकोस, एकही कळत नाही.”

थोरलीने फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबला आणि दोरीवरची उशीची खोळ ओढून घेतली. पलीकडे धाकटी होती. लेकीच्या बाळंतपणासाठी समुद्रापलीकडे गेलेली. तिकडे नुकती सकाळ झाली होती, इकडे दिवस कलला होता.

“कोण निघालं?… विहीणबाई?… त्या महिनाभर राहणार होत्या ना?… बॅग दाराशी. बरं. आणि टॅक्सी?… बोलावलीय, आली नाही अजून. मग थोडा वेळ आहे… लेक नि जावई दवाखान्यातच का?… हं, बाळाची कावीळ उतरेपर्यंत सोडायचे नाहीत. म्हणजे घरात तुम्ही दोघी विहिणी, आणि मध्ये मी. छान.”

विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं आणि धाकटीला स्पॅनिशखेरीज सगळं येत होतं. धाकटी मोठ्या दवाखान्यात मेट्रन होती. तिच्या चपलांचा आवाज आला की अख्खा वॉर्ड सरळ बसायचा. थोरलीने जन्मभर स्पॅनिश शिकवली होती. तेव्हा गेल्यापासून धाकटीचा रोज फोन यायचा. इंग्रजी वाक्य टाकायचं, स्पॅनिश घ्यायचं, नि थँक्यू न म्हणता ठेवून द्यायचं.

“मला आधी सांग, तू काय बोललीस त्यांना?… ‘काही नाही’ असं नसतं. आठव… काल जेवणानंतर. त्या भांडी घासायला उठल्या… तू म्हणालीस काय?… ‘नो देबे’. अगं बाई… अगं, तुला म्हणायचं होतं, तुम्ही घासायची गरज नाही. तू म्हणालीस, तुम्ही घासता कामा नये… एकच कसं? गरज नसणं आणि मनाई असणं एकच का? तुझ्या वॉर्डात एकच असेल.”

खोळीची घडी चुकली. तिने ती झटकून पुन्हा घातली.

“पुन्हा इंग्रजीतून गेलीस ना?… कितीदा सांगितलं, वाटेत इंग्रजीच्या घरी उतरू नकोस. थेट मराठीतून जा… अगं ऐक ना, एक उदाहरण देते. इंग्रजीला सगळीकडे एकच ‘कॅन’. आपल्याकडे पोहता येतं हे निराळं, आणि आज पाय दुखतोय म्हणून पोहू शकत नाही हे निराळं. त्यांचंही अगदी तसंच. शिकून आलेल्याला एक क्रियापद, जमण्याला दुसरं… नाही, व्याकरण नाही शिकवत. सांगत एवढंच होते, की त्या तुला वाटतात तेवढ्या लांबच्या नाहीत… भाषा म्हणतेय मी… बरं, विहीणबाईसुद्धा.”

“…आणखी काय काय बोललीस या दिवसांत?… ‘तियेने के’. बसा म्हणायला?… जेवा म्हणायलाही?… म्हणजे त्या बाईला तुझ्यापुढे बसावं लागतं, जेवावं लागतं, झोपावं लागतं… मी कुठे हसतेय. नाही हसले.”

ती हसली होती, पण खोळीत.

“माझ्यावर ढकलू नकोस. पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, ताई, सगळीकडे चालेल असं एकच दे. मी ‘तियेने के’ दिलं, वर म्हटलं, आणखी दोन असू देत जवळ. ‘देबेरीया’ म्हणजे केलेलं बरं. ‘पोद्रीया’ म्हणजे जमेल का, कराल का… तू काय म्हणालीस आठवतं? ‘कराल का’ विचारलं की लोक ‘नाही’ म्हणतात… हो, असंच म्हणालीस. मी विसरत नाही.”

समोरच्या भिंतीवरचं ऊन चढत कॅलेंडरच्या खालच्या कडेशी आलं होतं.

“ऐक, दिवस मावळला की माझं मौन आहे… हो, आजही. रोजचं म्हणजे रोजचं. देवाशी ठरवलेलं फोन आला म्हणून बदलत नाही… तू रागाव हवं तर. पण लवकर सांग, तुला त्यांच्याकडून हवंय काय?… नुसतं ‘निघाल्या’ नको. हवंय काय?… थांबायला हव्यात. बरं… हो गं, ठाऊक आहे, परवा तुला निघावंच लागणार. तुझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून कसं चालेल… जावयाची रजाही संपली?… आणि पोरीच्या पोटाला टाके. बाळाखेरीज काही उचलायचं नाही. म्हणजे या गेल्या तर दिवसभर पोर एकटी, तान्ह्याला घेऊन… कळलं. आता कळलं.”

“…हे त्यांना सांगितलंस?… ‘दिसत नाही का त्यांना’. दिसत असेल. पण सांगितलंस का?… हं… दे त्यांना. स्पीकरवर टाक, तूही ऐक. पण माझी पद्धत तुला माहीत आहे. दुभाष्याने पदरचं घालायचं नाही आणि कुणाचं गिळायचं नाही. त्या म्हणतील तेच सांगीन. लागलं तरी.”

आणि थोरली स्पॅनिश बोलू लागली. त्या भाषेत तिचा आवाज जरा गोल व्हायचा, तोंडात खडीसाखर असल्यासारखा. तिने स्वतःची ओळख सांगितली, बाळाबद्दल बरं वाटलं म्हणाली, भांड्यांवरच्या बोलण्याबद्दल बहिणीचा हेतू सांगितला. मग पुष्कळ वेळ नुसतं ऐकलं. मध्ये दोनदा “सी, सी” करून हुंकार दिला.

“…अगं, आहेस ना? ऐक. त्या म्हणतात, भांड्यांचं मला काहीच लागलं नाही… हो, तसंच म्हणाल्या. तुझं बोलणं त्यांना पहिल्या दिवसापासून कळतं. शब्द चुकतात, हातांवरून कळतं, म्हणतात… थांब, पुरं होऊ दे. म्हणतात, मी आल्यापासून या सोफ्यावर बसून आहे. डबा हिने भरला, दवाखान्यात ही गेली, बाळाची दुपटी हिने धुतली. मी उठले की माझ्या हातातलं काढून घेते. पिशवी उचलली, तीही हिने घेतली. मुलीची आई ही, हिचा हक्क पहिला. माझी इथे गरज नाही, एवढं मला कळतं. म्हणून निघाले… संपलं. एवढंच.”

पलीकडे धाकटी घाईघाईने आपली बाजू सांगू लागली.

“…मान म्हणून? मला माहीत आहे गं. मानाच्या माणसाला काम कसं सांगायचं, म्हणून तू त्यांचे हात रिकामे ठेवलेस. त्यांना ते रिकामेच दिसले… मी कशी सांगू? तू म्हण, मी तिकडे पोचवते… ‘त्यांना सांग, थांबायला हवं’. असंच सांगू? शब्दाला शब्द सांगीन हं मी… मग नको ना… नाही, मी माझ्या मनाने विचारणार नाही. लेक तुझी, घर तुमच्या दोघींच्या पोरांचं. मी कोण विचारणारी?… ‘नाही म्हणाल्या तर’… तर नाही म्हणतील. विचारणाऱ्याने तेवढं सोसायचं असतं.”

ऊन कॅलेंडरवरून चढून वरच्या खिळ्याशी चिकटलं, दोऱ्याएवढं.

“…शब्द दोनच आहेत. नीट ऐक. पोद्रीया केदार्से. थांबू शकाल का… पोद्रीया… हो, ‘र’ला घाबरू नकोस, त्या समजून घेतील… मी नाही गं, तू. माझ्याकडे मावळ—”

दोरा विझला. थोरलीने ओठ मिटले.

पलीकडून हाक आली. मग आणखी एक, मोठी. मग वॉर्डातल्या आवाजात तिसरी. थोरलीच्या जिभेच्या टोकाशी ते दोन शब्द तयार होते; नुसतं तोंड उघडलं असतं तर आपसूक बाहेर पडले असते. तिने खोळीच्या शिवणीवरून बोट फिरवत मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि तोंड उघडलं नाही.

दूर कुठेतरी टॅक्सीचा भोंगा वाजला. दाराशी बॅगेची चाकं जराशी हलली.

मग धाकटी खाकरली. राउंडला निघण्याआधी खाकरायची तशी. आणि मग ते दोन शब्द आले, ‘र’ मोडलेला, शेवट गिळलेला, आणि इतक्या लहान आवाजात, की इतक्या वर्षांत थोरलीने बहिणीचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. लहानपणी अंधारात पाणी प्यायला सोबत ये म्हणायची, तेव्हाचा असेल तर असेल.

विहीणबाई बोलू लागल्या. बरंच बोलल्या. थोरलीला त्यातलं अक्षर न् अक्षर कळलं, आणि आता ते मराठीत पोचवायला कुणी नव्हतं. खिडकी उघडल्याचा आवाज आला. विहीणबाईंनी खाली वाकून टॅक्सीवाल्याला जायला सांगितलं, वर माफीही मागितली. चाकं पुन्हा वाजली, या खेपेला दारापासून आत, लांबवर. मग पावलं परत आली, नळ सुरू झाला, आणि भांड्यांवरून विहीणबाईंनी ठणकावून सांगितलं:

“तियेने के सेन्तार्से.”

तेवढं एक मात्र धाकटीला दुभाष्याशिवाय येत होतं. तुम्हाला बसावंच लागेल.

खुर्ची सरकली. मेट्रनबाई बसल्या. फोन तसाच ओट्यावर राहिला असावा, कारण बराच वेळ नुसता नळ ऐकू येत होता, आणि मधूनच एकीचं हसू, मग दुसरीचं.

थोरलीने खोळ घडी करून उशीवर ठेवली, आणि आवाज होणार नाही अशा बेताने फोन बंद केला.