दिवसाला दहा

...नाही, तुम्हीच सांगा, जिनं सत्तर वर्षांत सिगरेटचं पाकीट कुठून उघडतात तेसुद्धा बघितलं नाही, तिला भर वर्गात उभं करायचं आणि ‘आजींनी सिगरेट सोडलीऽऽ’ म्हणून टाळ्या? आणि आमच्या सासूबाई लाजत लाजत हात जोडतायत! मी मागच्या खुर्चीवर. हसू, का उठून घरी जाऊ, काही कळेना!

आता हे झालं कसं, ते तुम्हाला सांगते. मधेमधे खोकेन, तेवढं चालवून घ्या.

आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, मागच्या खोलीत चूल. मधलं दार कायम बंद. का? तर घड्याळात काजळी जाते! अहो, आणि माझ्या छातीत काय जातं, अत्तर? म्हटलं, एक धुराडं तरी बसवून घ्या. तर डोळ्याला भिंग, मान वर नाही, ‘अगं, एवढ्याशा धुरानं काय होतंय?’ आणि सासूबाई त्यांच्याच आई ना! हातात फुंकणी, लाकडं ओली, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि वर मलाच, ‘एवढ्याशा धुरानं... खॉक्... काय होतंय... खॉक् खॉक्... सूनबाई?’ अंगणातून वर यायला पाच पायऱ्या, त्यात दोनदा बसायच्या. पाठीशी उशीवर उशी रचून बसल्याबसल्या झोपायच्या, आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. छातीत शिट्टी वाजायची. मला भीती वाटायची हो. वाटायचं, एक दिवस ही शिट्टी थांबेल आणि मी चुलीपुढेच बसलेली असेन.

तर एकदा आरोग्य केंद्रातली ताई आली. हातात एक डबा. म्हणाली, ‘हा उद्या सकाळी तुमच्या चुलीजवळ टांगते, परवा काढून नेते. हा धूर मोजतो. ज्यांच्याकडे धूर जास्त, त्यांना धुराड्याची नवी चूल फुकट!’ मला तर आनंदानं काय करू अन् काय नको. म्हटलं, आमच्याइतका धूर कुणाकडे? पहिला नंबर आपलाच!

पण सासूबाई! ताईची पाठ वळली आणि पदर खोचला. ‘परक्या बाईला आपल्या घरातला धूर दाखवायचा? काय म्हणेल ती?’ झालं! भिंती घासल्या, चुना फासला, आणि दुसऱ्या दिवशीचा सगळा स्वयंपाक अंगणात, तीन विटा मांडून, वाऱ्यात! मी हातापाया पडले, ‘अहो, आज तरी धूर होऊ द्या! रोज होतो, आजच नेमका नको?’ तर म्हणतात, ‘तो डबा पाहुणा आहे. पाहुण्याच्या तोंडावर धूर सोडतात का?’ डबा आत एकटा, चुन्याचा वास घेत दिवसभर लटकला. आठ दिवसांनी कागद आला, शिक्क्यासकट. ‘या घरात धूर आढळला नाही. अभिनंदन.’ नवी चूल गेली शेजारी. सासूबाईंनी कागद भिंतीवर लावला, आणि त्याच्याकडे बघत चूल पेटवली... खॉक्!

पुढे एक दिवस त्या तिसऱ्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात. ओठ निळसर. उचलून नेलं केंद्रात. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला, फोटोकडे बघितलं, मग केंद्रात ठेवलेल्या त्या ‘अभिनंदन’वाल्या कागदाच्या प्रतीकडे. ‘आजी, घरात धूर नाही असं इथं लिहिलंय. मग छातीत एवढा धूर आला कुठून? किती ओढता?’ मी म्हटलं, ‘अहो, चूल!’ तर मलाच कागद दाखवतात! सासूबाई शपथा घ्यायला लागल्या, तर डॉक्टर हसून म्हणतात, ‘सगळे असंच म्हणतात.’ आणि नाव घातलं सिगरेट सोडायच्या वर्गात. रोज सकाळी दोन तास. पंधरा पुरुष आणि आमच्या सासूबाई!

पहिल्या दिवशी पदर तोंडावर ओढून बसल्या. पण ती खोली मोठी, खिडक्या चार, डोक्यावर पंखा. सकाळची चूल माझ्या गळ्यात, त्या तिकडे हवेत. तुम्हाला सांगते, महिन्याभरात पाचही पायऱ्या एका दमात! एका दुपारी बघते तर एकच उशी, आणि सपाट आडव्या झोपलेल्या. मला रडूच फुटलं. तोंड दाबून रडले, म्हटलं जाग येईल.

मग एक दिवस मी त्यांना आणायला गेले, तर डॉक्टरांनाच शंका आलेली. ‘आजी, तुम्ही खरंच ओढत नसाल, तर नाव काढून टाकतो.’ आणि सासूबाई ताडकन उठल्या, ‘दिवसाला दहा!’ अहो, जिच्या तोंडून कधी खोटं नाही, ती बाई! घरी येताना म्हटलं, ‘हे काय हो?’ तर माझा खोकला ऐकत चालल्या थोडा वेळ, आणि हळूच म्हणाल्या, ‘सूनबाई, तू वीस सांग. वीसवाल्यांना चार तास बसवतात.’

सांगितलं मी. वीस! लाज गुंडाळून ठेवली, काय करता? त्या टाळ्या मी पुढे तिथंच, मागच्या खुर्चीवरून बघितल्या; सोडली तरी वर्ग सुटत नाही, पुन्हा लागू नये म्हणून बसवतातच. हे म्हणाले, ‘अगं, मग चूल कोण पेटवणार?’ म्हटलं, ‘तुम्ही!’ ‘मी? अगं, तो धूर...’ आणि तुम्हाला सांगते, लग्नाला बावीस वर्षं झाली, या वाक्याची मी वाटच बघत होते. म्हटलं, ‘अहो, एवढ्याशा धुरानं काय होतंय?’

चार दिवस. फक्त चार. पाचव्या दिवशी वर्गाचं दार उघडलं. हे! डोळे लाल, मिशीला राख, खोकून खोकून वाकलेले. डॉक्टर म्हणाले, ‘तुम्हीपण? दिवसाला किती?’ ह्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि छाती धरून म्हणाले, ‘चाळीस!’

तेव्हा काय, तो भिंतीवरचा कागद शेवटी खरा ठरला. सकाळच्या वेळी आमच्या घरात धूर अजिबात नाही. जेवणही नाही.