लघाटे काकांचं मत बदललं नव्हतं

काकू, अजय, मंडळातले सगळे वडीलधारे, आणि काकांच्या शाळेतून आलेले तुम्ही सगळे.

माझी मराठी घरातल्या घरात बोलायची आहे. मध्येच हिंदी आली तर सांभाळून घ्या. मला बोलायला उठवलं, हेही खरं तर अवघड आहे. कारण इथल्या पुष्कळांना माहीत आहे, की श्रीधर लघाटे आणि मी, आमचं भांडण होतं. साधं नाही, चारचौघांतलं. पेपरात छापून आलेलं.

शाळेत त्यांना सगळे मास्साब म्हणायचे. चित्रकलेचे मास्साब. आमच्यासारख्या मराठी घरातल्या मुलांचे ते काका. पेन्सिल धरायला मला त्यांनीच शिकवलं. पुढे मी बाहेर जाऊन शिल्पकला शिकले, परत आले, बिजौलीत एका वेल्डिंगच्या कारखान्यात कोपरा मागून घेतला आणि लोखंडात काम करायला लागले.

मग छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चौकासाठी मला शिल्प करायला सांगितलं. आता झाँसीत चौकातलं शिल्प म्हटलं की लोकांना काय हवं असतं? घोडा हवा, तलवार हवी. मी केले लोखंडाचे तीन वाकवलेले पत्रे. माणसाच्या दुप्पट उंचीचे, एकमेकांकडे झुकलेले, मध्ये फट. नाव दिलं ‘लू’. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी जी वाहते, ती गरम हवा.

पहिल्याच दिवशी एक टेंपोवाले भैया थांबले. म्हणाले, “जो का आय, बिन्नू?” हे काय आहे, ताई? मी सांगितलं. ते म्हणाले, “लू तो दिखत नइयाँ.” लू तर दिसतच नाही. आणि गेले.

त्यांचं मी हसून सोडून दिलं. काकांचं नाही सोडलं. काकांनी पेपरात पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: भंगाराला नावाची पाटी लावली म्हणून त्याचं शिल्प होत नाही. आठवडाभर शहरात दोन तट पडले. मग याच हॉलमध्ये चर्चा ठेवली. काका बोलले, शांतपणे बोलले. मग मी उठले. मी म्हटलं, “तुम्ही चाळीस वर्षं मुलांना तेच एक मडकं काढायला लावलंत. तुमच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची?”

काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आवडल्या. हे आज सांगायला हवं. काका खाली बसले. काकू, तुम्ही त्यांच्या शेजारीच होतात. त्यांना मी सॉरी कधीच म्हटलं नाही. तुम्हाला म्हणते. माझं चुकलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी चौकातून जाताना बघते, तर काका. घडीचं स्टूल, मांडीवर बोर्ड, डोक्याला ओला गमछा. माझं शिल्प काढत बसलेले. मी तशीच पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी स्टूल पलीकडच्या बाजूला. अशा आठ सकाळी. मग त्यांचा फोन आला: “उद्या चौकात ये. भांडायला नाही, बघायला ये.”

गेले. त्यांनी कागद पुढे ठेवले. चारही बाजूंनी काढलेलं. एका कागदावर बोट ठेवून म्हणाले, “हा डावा पत्रा बघ. बाकीचे दोन जमिनीतून वर आलेत. हा वरून आणून ठेवलाय.”

मंडळी, ते खरं होतं. तो पत्रा मला आखूड पडला होता. खाली तुकडा जोडून मी सांधा सिमेंटमध्ये दडवला होता. ज्यांनी शिल्पाची स्तुती केली त्यांना ते दिसलं नाही. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनाही दिसलं नाही. इतके दिवस शहर भांडत होतं, पण नीट बघितलं होतं एकाच माणसाने.

मी विचारलं, “काका, मग मी काय करू?”

“मला काय विचारतेस? मी मडकीवाला.”

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, “चहा घेणार?” ते म्हणाले, “घेईन.”

मी तो पत्रा काढून नवा बसवला. काका येऊन बघून गेले. “आता उभं आहे,” म्हणाले. एवढंच.

पण तक्रारी थांबल्या नव्हत्या. शिल्प हटवायचं ठरलं. तेव्हा काकांनी दुसरं पत्र लिहिलं. ते फार कमी लोकांनी वाचलं, म्हणून सांगते. त्यांनी लिहिलं होतं की मला हे शिल्प आवडत नाही, पण मी आठ सकाळी बघून तसं म्हणतो आहे. ज्यांना ते हटवायचं आहे त्यांनी निदान एक सकाळ तिथे बसावं. कोणी बसलं नाही. क्रेन आली. आता ‘लू’ बिजौलीत कारखान्याच्या आवारात आहे. कामगार तिच्या सावलीत डबा खातात. काकाही दोन-तीन महिन्यांतून एकदा टेंपोने यायचे, बघून जायचे.

शेवटचे आले तेव्हा दम लागत होता. मी सरळ विचारलं, “काका, आता तरी आवडतं का हो?”

“नाही.”

“थोडंसंही नाही?”

“बघायला येतो ना? पण याला कला म्हण, असं मला सांगू नकोस. मी नाही म्हणणार.”

मघाशी इथे दोघांनी सांगितलं, आणि कालच्या पेपरातही आलंय, की शेवटी काकांचं मत बदललं, त्यांनी नवी कला स्वीकारली. चांगल्या मनाने सांगितलं, मला माहीत आहे. पण तसं झालेलं नाही. माणूस गेला की त्याला आपल्या बाजूला ओढून घेणं फार सोपं असतं. तो काही उलटून बोलत नाही. सगळ्यात जास्त फायदा माझाच होता त्यात. म्हणूनच मी सांगते, नाही बदललं. ते चुकत होते असं मला अजूनही वाटतं. आणि माझं काम इतकं बारकाईने दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. दोन्ही खरं आहे. दोन्ही राहू द्या.

काका, नमस्कार करते.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी कोणाला काही पटवून द्यायचं नाही.